घरच्या सेडानचं खरं ॲव्हरेज किती? माझ्या वहीत वर्षाचं १६.९ निघालं

गिरणाकाठ (जळगाव)

आपल्याकडे कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो, "किती देते?" उत्तर ठरलेलं, "बावीस-तेवीस आरामात." दोन वर्षं मीही हेच सांगत होतो. फसवायचं म्हणून नाही. एकदा नाशिकहून येताना डिस्प्लेवर बावीस दिसलं होतं, तेच डोक्यात बसलं.

मागच्या वर्षी मावसभावाने माझ्या शब्दावर तशीच गाडी घेतली. भुसावळ-जळगाव रोजची ये-जा. त्याने बावीसच्या हिशेबाने पेट्रोल धरलं, उरलेल्या पगारात हप्ता बसवला. तिसऱ्या महिन्यात फोन आला, "दादा, माझी सोळाच देतेय, गाडीत खोट आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी वही केली.

गाडी ४ मीटरच्या आतली पेट्रोल सेडान, १.२ लिटर, मॅन्युअल, २०२१ ची. कंपनीचा जाहीर आकडा २३ च्या वरचा. पंप एकच, नोझल शक्यतो तेच, पहिला कट-ऑफ झाला, म्हणजे नोझल आपोआप बंद पडलं, की थांबायचं, वरून एक थेंब नाही. ट्रिप मीटर शून्य. पुढच्या वेळी जितके लिटर बसले तितक्याने किलोमीटरला भागायचं. वर्षभरात ११,६४० किलोमीटर झाले, ६९० लिटर लागलं. म्हणजे लिटरला १६.९ किलोमीटर.

सगळ्यात चांगली टाकी जानेवारीत नाशिकला जाऊन आलो तेव्हाची, २०.६. सगळ्यात वाईट मे महिन्यातली, ११.८. त्या महिन्यात आईचा दवाखाना, बँक, बाजार, सगळं दोन-तीन किलोमीटरच्या आतलं आणि एसी पूर्ण.

माझं म्हणणं एवढंच: कुणी विचारलं तर वर्षाचा आकडा सांगा. २०.६ पण खरं आहे, पण ते एका दिवसाचं आहे. त्यावर दुसऱ्याचा हप्ता ठरतो.

पिंप्राळेकर

भाऊ, वही चांगली ठेवली, पण निष्कर्ष पटला नाही. माझी गाडी जवळपास तीच, माझं वर्षाचं १९.५ आहे. मीही टाकी फुल ते टाकी फुलच मोजतो. रोज एरंडोलपर्यंत जाणं-येणं, काटा ७० ते ७५. पुढे सिग्नल लाल दिसला की मी शंभर मीटर आधी पाय काढतो. लोक लाल दिव्यापर्यंत ॲक्सिलरेटर दाबतात आणि मग ब्रेक मारतात, ते पेट्रोल ब्रेकच्या गरमीत जातं.

तुम्ही सगळ्यांना १६.९ सांगत सुटलात तर उलटी चूक होईल. चांगली गाडी माणूस नाकारेल. गाडी तीच, पाय वेगळा. पायाचा दोष गाडीवर घालू नका.

गिरणाकाठ (जळगाव)

पायाचा वाटा आहे, मान्य. पण दादा, तुमचा रोजचा रस्ता मोकळा आहे. माझा आकाशवाणी चौक ते अजिंठा चौफुली ते शाळा. तिथे ७० चा काटा कुठून आणू? सकाळी शाळेच्या गेटपाशी दहा मिनिटं गाडी चालू उभी असते. त्या दहा मिनिटांचं ॲव्हरेज शून्य.

भुसावळ जंक्शन

मी आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकवतो. पोरं दरवर्षी विचारतात, "सर, कंपनी खोटं बोलते का?" तर नाही, ती चाचणीच वेगळी आहे.

गाडी रस्त्यावर नेतच नाहीत. रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाने चालवतात. आपल्याकडच्या या चक्राचा मूळ साचा जुना युरोपीय, त्यात आपल्यासाठी कमाल वेग ९० वर आणला. पूर्ण चक्र सुमारे २० मिनिटांचं, सरासरी वेग ताशी ३२ च्या आसपास. वेग हळूहळू वाढतो, हळूहळू उतरतो. एसी बंद. खोलीचं तापमान माफक. चढ नाही, खड्डा नाही, डिकीत गव्हाचं पोतं नाही.

आता भुसावळचा मे आठवा. पारा ४५ ला टेकलेला, गाडी तीन तास उन्हात. दार उघडलं की भट्टी. त्या गाडीचा कॉम्प्रेसर पहिली आठ-दहा मिनिटं पूर्ण ताकदीने चालतो, आणि तुमचं जाणंच दहा मिनिटांचं. म्हणजे थंड झालेल्या गाडीचा फायदा मिळायच्या आत तुम्ही उतरलात. गिरणाकाठांचं ११.८ मला अजिबात आश्चर्याचं वाटत नाही.

पण तो जाहीर आकडा निरुपयोगीही नाही. नव्या डिझायरचा मॅन्युअल पेट्रोलचा २४.७९, अमेझचा १८.६५, सिटीचा १७.८. हे एकाच पद्धतीने काढलेले आकडे, त्यामुळे गाड्या एकमेकांशी ताडायला चालतात. तुमच्या घरचा खर्च ठरवायला चालत नाहीत.

आणखी एक. शहरात १२ आणि हायवेला २० देते, म्हणजे सरासरी १६, असं लोक सांगतात. १०० किलोमीटर शहरात आणि १०० हायवेला चालवून बघा. ८.३ आणि ५, मिळून १३.३ लिटर. २०० भागिले १३.३, म्हणजे १५. एक पूर्ण किलोमीटर तोंडी हिशेबात हरवतो.

चाळीसगाव घाटरोड

सगळे खर्चाचं बोलताय, वाचवायचं कुणी बोलत नाही. कन्नड घाट उतरताना मी गाडी न्यूट्रलला टाकतो. घाट संपेपर्यंत पेट्रोल जवळजवळ लागत नाही. वडिलांनी ॲम्बॅसेडरवर शिकवलेलं, आजपर्यंत काही झालं नाही. आणि पेट्रोल पहाटे भरतो, थंड असतं तेव्हा लिटरमध्ये जास्त बसतं.

भुसावळ जंक्शन

भाऊ, हात जोडून सांगतो, घाटात न्यूट्रल टाकू नका. कार्ब्युरेटरच्या ॲम्बॅसेडरला ते लागू असेल. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला ठेवून पाय काढला की संगणक पेट्रोल पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला टाकलं की इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल सोडावंच लागतं. म्हणजे तुम्ही जास्त जाळताय, आणि सगळा भार ब्रेकवर टाकताय. ब्रेक तापून पकड सुटली तर खाली दरी आहे. आपल्या घाटात चढताना दुसरा-तिसरा गिअर लागतो, उतरतानाही तोच ठेवा.

पहाटेचं पेट्रोल: पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान पहाटे आणि दुपारी फारसं बदलत नाही. एका अंशाला पेट्रोल साधारण हजारात एक भाग फुगतं. पंपावर रांग कमी असते म्हणून पहाटे जा, थंडीसाठी नको.

चाळीसगाव घाटरोड

गिअरचं माहीत नव्हतं. पुढच्या वेळी करून बघतो. पहाटेचं मात्र मी सोडणार नाही, सवय आहे.

कापूसवाला (धरणगाव)

तुम्ही पाय, घाट, एसी सगळं मोजलं आणि मुख्य चोर सोडला. इथेनॉल. माझी २०१७ ची सेडान आधी अठराला कमी पडत नव्हती, आता सोळा पूर्ण होत नाही. रस्ता तोच, माणूस तोच. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, भाव मात्र पूर्ण पेट्रोलचा. यावर कुणीच का बोलत नाही?

गिरणाकाठ (जळगाव)

बोलतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे उष्मांक पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी, त्यामुळे फरक पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय: जी चारचाकी मुळात बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बांधली आणि १० टक्क्यांसाठी जुळवली, तिचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. १० साठी बांधून २० ला जुळवलेलीचं १ ते २ टक्क्यांनी. तुमची २०१७ ची, तुमचा राग रास्त आहे. भावाचा मुद्दाही मला पटतो. कमी पल्ला मिळत असेल तर ते ग्राहकाला पंपावरच लिहून कळायला हवं.

पण २३ वर ७ टक्के म्हणजे दीड किलोमीटर. माझी तूट सहाची आहे. बाकी साडेचार इथेनॉलने नाही खाल्ले.

कापूसवाला (धरणगाव)

सहापैकी दीड म्हणजे पाव हिस्सा. पाव हिस्सा लहान असतो का? आणि माझ्या मक्यापासूनही इथेनॉल होतं, म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. माझ्या जुन्या गाडीसाठी कमी मिश्रणाचं पेट्रोल साध्या भावात मिळू दे, इतकंच मागणं आहे.

शहाद्याची लेक

मी वाचत होते आणि मला एक खटकलं. सगळ्या चर्चेत गाडीत मागे बसलेलं कुणी नाहीच. माझ्या सासऱ्यांचं बायपास झालंय, मुलगी दोन वर्षांची. ॲव्हरेज मिळावं म्हणून आमच्याकडे एप्रिलमध्ये एसी बंद ठेवायचे, काचा खाली. एकदा शहाद्याहून धुळ्यापर्यंत तसे गेलो, सासऱ्यांना चक्कर आली. त्यानंतर मी ठरवलं, एसीचं पेट्रोल हे औषधाच्या खर्चात धरायचं.

आमच्या बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला ७० चा काटा ठेवू म्हटलं तरी जमत नाही. एका बाजूने केळीचे ट्रक, थंडीत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या. तिसऱ्या गिअरमध्ये मागे मागे जायचं, ओव्हरटेकला दुसरा टाकायचा, परत पुढे ट्रॉली. प्रत्येक गावाला गतिरोधक. पिंप्राळेकर दादांनी तो रस्ता महिनाभर चालवून १९.५ काढून दाखवावं.

आणि मला किलोमीटरपेक्षा रुपये कळतात. नवापूरकडे जाणं झालं की आम्ही पुढे गुजरातेत टाकी भरतो, लिटरमागे आठ-दहा रुपये वाचतात. ॲव्हरेज तेच राहून किलोमीटरचा खर्च उतरतो.

पिंप्राळेकर

ताई, आजारी माणूस गाडीत असताना एसी बंद ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही. माझाही एसी चालू असतो. गाडी उन्हातून काढली की आधी चारही काचा खाली करून मिनिटभर गरम हवा बाहेर जाऊ देतो, मग एसी. लिंबाखाली जागा मिळाली तर पन्नास पावलं जास्त चालतो. तुमच्या रस्त्याचं मान्य, तिथे माझेही सतरा येतील.

धुळे परमिट

अकरा वर्षं सेडान टॅक्सी चालवतोय, आधी डिझेल, आता सीएनजी. भाऊ, मन्हं पोट ॲव्हरेजवर शे, म्हणून लिहितो.

घरची माणसं दोन गोष्टी बघतच नाहीत. एक चाकातली हवा. गाडी चालवून तापल्यावर हवा चेक करतात, मीटर बरोबर दाखवतो, पण गार झाल्यावर चार पाऊंड कमी निघते. सकाळी गार असताना दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, पंधरा दिवसांनी परत.

दुसरी गोष्ट वेग. रस्ता चौपदरी झाला आणि लोक शंभरवर गेले. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० ला तो दीडपटीहून जास्त. जळगाव-धुळे ९० किलोमीटर धरा. ८० ने सदुसष्ट मिनिटं, १०० ने चोपन्न. तेरा मिनिटांसाठी कशाला जाळायचं? चहाला त्याहून जास्त वेळ थांबता.

सीएनजीचं विचारतात म्हणून सांगतो: रुपयात परवडते, मला परवडते कारण मी रोज दीडशे-दोनशे चालवतो. घरच्या गाडीत डिकी जाते. लग्नाच्या बॅगा, आंब्याच्या पेट्या कुठे ठेवणार? महिन्याला आठशे किलोमीटर चालवणाऱ्याने घाई करू नये.

गिरणाकाठ भाऊ, तीन टाक्या ८० च्या वर जाऊ नका आणि हवा गार असताना भरा. मग बोलू.

वरणगावकर

दोन-तीन किलोमीटरच्या फरकासाठी एवढी चर्चा? आठ-नऊ लाखांची गाडी घेतली ना?

गिरणाकाठ (जळगाव)

महिन्याला हजार किलोमीटर धरा. १६ ने साडेबासष्ट लिटर, १९ ने बावन्न-त्रेपन्न. दहा लिटरचा फरक, पेट्रोल शंभरावर. म्हणजे महिन्याला हजार रुपये. आमच्या घरात तो एक गॅस सिलेंडर आहे. गाडी घेताना कर्ज काढलंय, ते लपवण्यासारखं काही नाही.

गिरणाकाठ (जळगाव), दोन महिन्यांनी

धुळे परमिट दादांचं ऐकलं. तीन टाक्या झाल्या. हायवेची टाकी ८० ला बांधून चालवली, २१.४ आली, आधी त्याच रस्त्याला १९ च्या आसपास यायची. शहराच्या दोन टाक्या १३.१ आणि १३.४. तिथे हवा भरून, पाय सांभाळूनही फार हललं नाही. पिंप्राळेकर दादा, हायवेला तुमचं खरं ठरलं. शहरात माझं.

डिस्प्ले तिन्ही वेळा वहीपेक्षा किलोमीटर-दीड किलोमीटर जास्तच दाखवत होता.

मावसभावाच्या गाडीची हवा गार असताना तपासली. ३३ हवी होती, मागच्या दोन्ही चाकांत २५ निघाली. गाडीत खोट नव्हती. आता त्यानेही वही घातली आहे, पहिली नोंद १७.३.

पिंप्राळेकर

१७.३ हिवाळ्याची आहे, मेमध्ये परत लिहायला सांगा. आणि त्याचा काटा किती असतो तेही वहीत येऊ द्या. भुसावळ रोडला सकाळी सगळे शंभरने पळतात, मी रोज बघतो.