‘मार्व्हिन गार्डन्स’ला रटाळ म्हणणाऱ्यांसाठी

खारावारा
परवा ‘न पाहिलेलेच बरे असे जुने इंग्रजी सिनेमे’ या धाग्यावर रोखठोक_नाना यांनी ‘द किंग ऑफ मार्व्हिन गार्डन्स’ची (१९७२) दोन ओळींत बोळवण केली: “दोन भाऊ, रिकामा समुद्रकिनारा, पावणेदोन तास बडबड. निकोल्सनला चष्मा लावून वाया घालवलाय.” दोन दिवस गप्प बसायचा प्रयत्न केला. नाही जमलं.

नाना, पहिलाच प्रसंग आठवा. अंधार, निकोल्सनचा नुसता चेहरा, आणि तो सांगतोय की लहानपणी आजोबांच्या घशात माशाचा काटा अडकला आणि आम्हा दोघा भावांनी त्यांना मरू दिलं. आपण हादरतो. मग कळतं की हा फिलाडेल्फियातला मध्यरात्रीचा रेडिओवाला. घरी येतो तर आजोबा ठणठणीत! थोरला जेसन (ब्रूस डर्न) हवाईजवळच्या बेटावर रिसॉर्ट काढायच्या थापा मारतो, हे सगळ्यांना दिसतं. धाकटाही थापाच मारतो, फक्त हळू आवाजात, हे कुणी बोलत नाही. म्हणे दोघांच्या भूमिका आधी उलट ठरल्या होत्या. बरं झालं बदलल्या.

आणि जागा बघा. हिवाळ्यातली ॲटलांटिक सिटी, ओस हॉटेलं. तिथे कॅसिनोला कौल मिळाला १९७६ च्या मतदानात, पहिला उघडला १९७८ साली. जेसन दूरच्या बेटाचे नकाशे दाखवत फिरतो आणि घबाड त्याच्या पायाखाली, फक्त सहा वर्षं लांब. दिग्दर्शक रॅफेलसनला हे तेव्हा कुठून माहीत असणार? तरी आज बघताना पोटात कालवतं.

एडिसनकर
+१. माझ्याकडून दीड-दोन तासांवर आहे. ‘व्यापार’ खेळलेल्यांसाठी: अमेरिकेतल्या मूळ मोनोपॉलीतले रस्ते याच गावचे. खरी वस्ती ‘मार्व्हेन’, गावाच्या बाहेर. खेळाच्या पटावर स्पेलिंग चुकलं, सिनेमानं तेच उचललं. राजा कशाचा, तर चुकीच्या नावाच्या जागेचा!
बाकी घबाडाचं फार कौतुक नको. इथे ताजमहाल नावाचा कॅसिनो १९९० साली उघडला, २०१६ साली बंद झाला. बोर्डवॉकपासून (किनाऱ्यावरची लाकडी फळ्यांची वाट) दोन गल्ल्या आत गेलात की अजून सिनेमातलंच गाव आहे.

रोखठोक_नाना
आलो. स्पेलिंगच्या चुकीत एवढा अर्थ सापडत असेल तर माझं दहावीचं प्रगतिपुस्तक पाठवतो, ग्रंथ होईल.

माझा मुद्दा साधा आहे. अशा सिनेमांत स्वप्नाळू थोरला भाऊ नेहमी लोभस असतो. हसतो, कोट छान घालतो, कोठडीत असला तरी ऐटीत. दिग्दर्शक त्याच्या प्रेमात, तुम्हीही प्रेमात. आमच्या घरी असा एक होता. आमच्या दादाचं बेट म्हणजे इमू पक्षी. २०१० च्या आसपास फलटणकडे दहा जोड्या आणल्या, वडिलांच्या फंडातले चार लाख घालून. कंपनी अंडी परत घेणार, तेल परदेशात जाणार, कातड्याच्या पर्सा होणार. वर्षभरात कंपनीचा फोन बंद. दादा तेव्हाही हसतच होता. त्यावर कुणी सिनेमा काढला नाही हे नशीब.

सोलापुरी_चादर
नाना, इमूला नावं ठेवू नका. पक्षी काटक, आजार कमी. बाजारच नव्हता हो. पक्षी विकणारे फक्त नवीन पक्षी घेणाऱ्यालाच विकत होते. आमच्या मामांकडे सहा जोड्या होत्या. नर अंड्यांवर बसतो, जवळजवळ आठ आठवडे, धड खात नाही. मामी म्हणायची, यांना दाखवा जरा.

फुकटचा_समीक्षक
शहामृग म्हणायचंय का?

सोलापुरी_चादर
नाही. इमू. शहामृगाचं अंडं पांढुरकं, इमूचं गर्द हिरवं. माहिती नसेल तर गप्प बसावं.

मधली_सून
दोघं भाऊ, दोघं हुशार, आणि जेसनच्या मैत्रिणीचं, सॅलीचं नाव कुणी काढलं? एलन बर्स्टिननं अख्खा सिनेमा उचललाय. वय उतरणीला लागलंय, जेसनची नजर तिच्याच सावत्र मुलीकडे वळतेय, आणि ती किनाऱ्यावर शेकोटी करून आपलं रंगरंगोटीचं सामान जाळते, केस कापते. भाऊ बघत बसलेत. शेवटी तीच पिस्तूल उचलते. नाना, दहा जोड्यांचं कुंपण कुणाच्या पैशातून झालं? वडिलांच्या फंडात तेही बसलं का?

फुकटचा_समीक्षक
झालं! शेवट सांगून टाकला. या धाग्यावर ‘रहस्यभेद’ लिहायची पद्धत कधी येणार?

खारावारा
पन्नास वर्षं झाली सिनेमाला. आता तरी सांगू द्या.

रोखठोक_नाना
ताई, कुंपण वहिनीच्या पाटल्यांमधून झालं. समाधान? आमच्या घरातलं इतकं विचारायची तुम्हाला गरज नव्हती.

मधली_सून
तुम्हीच घर आणलंत इथे. आणि समाधान कसलं, माझ्याही गेल्यात. आमच्याकडे ढोबळी मिरचीचं शेडनेट होतं.

खारावारा
नाना, तुमच्या दादावरचा राग रॅफेलसनवर का? एवढंच सांगतो, सिनेमा जेसनच्या प्रेमात नाही. जपानी पाहुण्यांबरोबरचं जेवण आठवा. त्याची बढाई ऐकताना आपल्याला लाज वाटते. ज्याचा पैसा म्हणून तो मिरवतो, त्या लुईसच्या लेखी हा हरकाम्याच. दिग्दर्शकानं त्याला सुटायला एक फट ठेवलेली नाही. उलट सवलत मिळालीय ती धाकट्याला. तो सगळं ओळखतो, आणि आठवडाभर तिथेच राहतो. अडवत नाही, निघूनही जात नाही. चार लाख जात होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?

रोखठोक_नाना
हे जरा जास्त होतंय. तुम्ही कोण विचारणारे? मी पुण्यात नोकरीला होतो, महिन्याला पैसे पाठवत होतो. मला सांगितलं पक्षी आल्यावर.
.
.
बरं, खोटं कशाला बोलू. आधी सांगितलं होतं. मी म्हटलं, तुझं तू बघ.

सोलापुरी_चादर
पुढे पक्ष्यांचं काय केलंत? आमच्या मामांनी शेवटी कुंपणाचं दार उघडं टाकलं. दोन परत आले.

एडिसनकर
दोन परत आले 😂 एखाद्या सिनेमात हे असतं तर तुम्ही लोकांनी ‘प्रतीक’ म्हटलं असतं.

खारावारा
धागा सिनेमाचा आहे, इमूंचा ताबा सोडा. कुणी शेवटच्या दृश्यावर बोलणार आहे का? धाकटा शवपेटी घेऊन घरी येतो, आणि आजोबा भिंतीवर जुनी घरगुती फिल्म लावून बसलेत. दोन पोरं, वाळूचा किल्ला.

फुकटचा_समीक्षक
अजून सांगा. काही उरलं असेल तर.

रोखठोक_नाना
काल रात्री परत बघितला. तुमच्या आग्रहामुळे नाही, वीज होती आणि झोप नव्हती म्हणून. मधला तासभर अजूनही रटाळच आहे, ती खोटी सौंदर्यस्पर्धा तर फारच. रिकाम्या सभागृहात एक पोरगी पाय आपटतेय आणि आपण ते का बघायचं? निकोल्सनच्या चष्म्याबद्दल बोललो ते मागे घेतो. वाळूच्या किल्ल्याचंही, निम्मं. त्या फिल्ममध्ये थोरला काय करतोय आणि धाकटा काय, हे बघायला दोनदा मागे नेलं.

सोलापुरी, आमचे पक्षी मेले. एक अंडं दादानं पोकळ करून ठेवलं होतं, वहिनीनं फेकलं नाही. शोकेसमध्ये गणपतीच्या बाजूला आहे. पाहुणे विचारतात, संगमरवर का.

मधली_सून
आणि वहिनी काय सांगतात?

रोखठोक_नाना
हो म्हणते.