मदत हवी आहे: थंडीत जिंजर बियर फसफसत नाहीये, आणि मसाले नेमके कधी घालायचे?

मंडळी नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातला. घरची संत्र्याची बाग आहे, आंबिया बहाराचा तोडा सुरू आहे, आणि यंदा संत्र्याची साल, आलं, गूळ, दालचिनी, लवंग घालून घरीच जिंजर बियर करायचं मनावर घेतलंय. नावात बियर आहे पण ही माल्टची बियर नाही, ती करायचीही नाहीये, आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि परवान्याशिवाय घरी दारू गाळणं तसंही राज्यात कुठंच चालत नाही. मला हुरड्याला येणाऱ्या पाहुण्यांसमोर ठेवता येईल असं काहीतरी पाहिजे, आल्याचं, झणझणीत, नाकात जाणारं, आपल्या बागेचा वास असलेलं. बाजारातल्या बाटल्या शेतात नेऊन वाटायला माझं मनच घेत नाही.

आता अडचण सांगतो. जिंजर बग म्हणतात ते मी लावून राहिलो, म्हणजे दह्याला विरजण लागतं तसं याचं विरजण. काचेच्या बरणीत पाणी, सालीसकट किसलेलं आलं आणि साखर, वरून सुती फडकं रबराने बांधलंय, रोज थोडं आलं न् थोडी साखर टाकून ढवळतो. दुपारी बरणी कानाशी धरली की बारीक सूं सूं ऐकू येतं, दोन-चार बुडबुडे काचेला चिकटलेले दिसतात, अन् सकाळी पाहावं तर सगळं शांत, आल्याचा चोथा तळाशी बसलेला. रात्री इकडे पारा १० च्या आसपास जातो. हे थंडीमुळेच होत असेल ना?

दुसरं म्हणजे मसाले बगमध्येच टाकायचे का नंतर? संत्र्याची साल ओली घेऊ का वाळवून? बाटल्या काचेच्या घ्याव्या की कसं, फुटतात असं ऐकलंय आणि घरात लहान पोरं आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यात अल्कोहोल अजिबात होणार नाही असं करता येतं का? प्लीज कुणी केलं असेल तर नीट सांगा.

प्रतिसाद १:
भाऊ, बग मेला नाही, गारठलाय. बगमधल्या यीस्टला, म्हणजे साखर खाऊन फसफस करणाऱ्या सूक्ष्म बुरशीला, २० ते २७ डिग्री मानवते. रात्री बरणी कोमट पाण्याच्या गंजात (पातेल्यात) ठेवा अन् गंज गोधडीत गुंडाळा, घरात कापूस भरून ठेवला असेल तर त्यात खोचला तरी सकाळपर्यंत ऊब राहते. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असेल तर पाणी उकळून गार करून वापरा, क्लोरीन यीस्टला मारतं.

मसाले बगमध्ये नकोच, लवंग-दालचिनीचा अर्क जंतूंना मारतो तसा यीस्टलाही दाबतो. दोन लिटर पाण्यात साधारण २०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम ठेचलेलं आलं, दालचिनीचा एक तुकडा, तीन-चार लवंगा उकळा, पूर्ण गार करा, गाळा, मग अर्धा कप बगचं पाणी घाला. साल ओलीच घ्या पण फक्त वरची केशरी, आतला पांढरा भाग कडू करतो. फवारणी झाली असेल तर साल आधी चांगली चोळून धुवा.

प्रतिसाद २:
बाटल्या सोड्याच्या प्लास्टिकच्याच घ्या दादा, वर दोन बोटं जागा सोडा, रोज दाबून पाहा, दगडासारखी कडक झाली की लगेच फ्रीजमध्ये. काच नवशिक्याने घेऊच नये, लेकरं घरात असताना तर नाहीच.

अल्कोहोलबद्दल स्पष्ट सांगते, यीस्ट साखर खाऊन गॅस आणि अल्कोहोल दोन्ही एकदमच बनवतं, एक पाहिजे अन् दुसरं नको असं होत नाही. लवकर थंड केलं तर कमी राहतं, पण शून्य नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांत अल्कोहोल ०.५ टक्क्याच्या वर गेलं की ते मद्य धरतात आणि घरी ते मोजणं सोपं नाही. तुमच्या जिल्ह्यात, तेही पाहुण्यांसमोर, मी ही जोखीम घेणार नाही. त्यापेक्षा तोच मसाल्याचा काढा गूळ वाढवून दाट पाकासारखा आटवा, गार झाल्यावर संत्र्याचा रस घाला आणि वाढताना वरून थंडगार सोडा ओता. फसफस तीच, लेकरंही पितील.

मूळ प्रश्नकर्ता:
ताई, पटलं. मग हुरड्याला पाक-सोडाच करतो. गुळाचा पाक संत्र्याच्या रसासोबत किती दिवस टिकतो, का रस ऐन वेळीच पिळायचा?