चेस्टरला मिळालेलं वाकडं चांदीचं नाणं (१६९७), सरळ करावं का?

चेस्टरची_मुक्ता
मंडळी, नाण्यांतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून इथे विचारते. आम्ही इंग्लंडमध्ये चेस्टरला राहतो. गावाबाहेर जुन्या सामानाचा बाजार भरतो, तिथे एका आजोबांच्या टेबलावर हे मिळालं. छाप्यावर कुरळ्या केसांचा राजा, तोंड उजवीकडे. त्याच्या खांद्याखाली इंग्रजी ‘सी’ अक्षर. काट्यावर अधिक चिन्हासारख्या मांडलेल्या चार ढाली, प्रत्येकीवर मुकुट, मध्ये सिंह आणि साल १६९७.

पण नाणं सपाट नाही. एक घडी पुढे, एक मागे; बाजूने धरलं की ‘एस’सारखं दिसतं. आजोबा म्हणाले, राजा तिसऱ्या विल्यमचं सिक्सपेन्स (सहा पेन्सचं नाणं) आहे, पंधरा पौंड दे आणि घेऊन जा. घेतलं. आता नवरा पक्कड घेऊन मागे लागलाय की मिनिटात सरळ करून देतो. करू द्यावं का? आणि ते ‘सी’ चार्ल्सचं का?

निवृत्त_कॅशिअर
मुक्ताताई, आधी पक्कड लपवा, मग पुढचं वाचा.

‘सी’ चार्ल्सचं नाही, चेस्टरचं. नाणं तुमच्याच गावात पडलंय.

१६९६ साली इंग्लंडने देशातली जुनी चांदीची नाणी गोळा करून वितळवली आणि नव्याने पाडली. कारण ऐकून माझ्यासारख्या आयुष्यभर गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. जुनी नाणी हातोड्याने ठोकलेली, कडा ओबडधोबड. लोक कात्रीने कड कातरायचे, चुरा सोनाराला विकायचे आणि उरलेलं नाणं पूर्ण किमतीला खपवायचे. हा राजद्रोह होता, फाशी व्हायची, तरी थांबेना. यंत्रावर पाडलेली दातेरी कडेची पक्की नाणी १६६२ पासून होतीच, पण ती बाजारात टिकत नव्हती. हातात एक पूर्ण वजनाचं आणि एक कातरलेलं नाणं असेल, तर भाजीवाल्याला तुम्ही कुठलं द्याल? चांगली नाणी वितळून परदेशी गेली, कातरलेली देशात फिरत राहिली. १६९५ पर्यंत जुन्या नाण्यांचं वजन सरासरी निम्म्यावर आलं होतं.

मग वाद पेटला. खजिन्याचे सचिव विल्यम लाउंड्स म्हणाले, नव्या नाण्यात चांदी थोडी कमी घालू. तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणाले, मुळीच नाही, जुनं वजन तेच राहिलं पाहिजे. लॉक जिंकले. माझं मत विचाराल तर व्यवहार लाउंड्सना कळत होता.

४ मे १६९६ नंतर कातरलेली नाणी करापोटी घेणं बंद झालं. जुनी चालेनात, नवी पुरेनात. त्या उन्हाळ्यात हाल झाले ते गरिबांचे, कारण श्रीमंतांचं उधारीवर भागत होतं. लंडनच्या टॉवरमधल्या टांकसाळीत नुकताच आयझॅक न्यूटन वॉर्डन, म्हणजे तिथला वरिष्ठ अधिकारी, म्हणून आला होता. एकट्या लंडनचं काम नव्हतं, म्हणून ब्रिस्टल, चेस्टर, एक्झेटर, नॉरिच आणि यॉर्क इथे तात्पुरत्या टांकसाळी निघाल्या. ज्या गावचं नाणं, त्याचं अक्षर राजाच्या खांद्याखाली. माझ्याकडे एक्झेटरचा ‘ई’वाला शिलिंग आहे, चेस्टरचं अजून हाती लागलेलं नाही. हेवा वाटतोय, लपवत नाही.

चेस्टरची टांकसाळ तिथल्या किल्ल्यात होती आणि तिचा उपनियंत्रक होता एडमंड हॅले. हो, धूमकेतूवाला. न्यूटननेच त्याला तिकडे लावून दिलं. हॅले तिथे कारकुनांच्या भांडणांनी कावला होता. १६९८ मध्ये टांकसाळ बंद झाली आणि त्याच वर्षी तो जहाज घेऊन अटलांटिकवर होकायंत्राची मापं घ्यायला निघाला. सुटला बिचारा.

एवढ्या खटाटोपाचा खर्च भरून काढायला सरकारने घरांच्या खिडक्यांवर कर बसवला. तो १८५१ पर्यंत होता. तुमच्याकडे जुन्या घरांच्या काही खिडक्या विटांनी बुजवलेल्या दिसतात ना? त्यातल्या बऱ्याच या कराच्या.

आता वाकडेपणा. हे मुद्दाम वाकवलंय. त्या काळी इंग्लंडात तरुण पोरं चांदीचं नाणं असं दोनदा वाकवून आवडत्या मुलीला देत. विल्यमची सिक्सपेन्स यात फार दिसतात, कारण आकार बेताचा आणि पत्रा पातळ. प्रथा मात्र जुन्यातून आलेली. मध्ययुगात घरात दुखणं आलं की संताचं नाव घेऊन पेनी वाकवायचे, म्हणजे ती नवसाची झाली, खर्चायची नाही. अशी नाणी शेतात पुष्कळ सापडतात. मुलीने नकार देऊन फेकून दिली, ही धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्यांची लाडकी गोष्ट. मला ती जरा जास्तच गोड वाटते. खिशाला भोकं तेव्हाही पडत असणार.

हुपरीचा_कारागीर
काकांनी इतिहास सांगितला, मी धातूचं बोलतो. ताई, चांदी वाकवली की घडीत कडक होते. उलटी फिरवायला गेलात की नेमकी तिथेच चीर पडते, आणि पक्कडीचे दात राजाच्या गालावर उमटतात ते वेगळंच. दागिना असता तर तापवून नरम केला असता. पण हे साडेब्याण्णव टंच, बाकी तांबं. तापवलं की तांबं करडा डाग होऊन वर येतं आणि जुना रंग जातो तो जातोच. लिंबू, चिंच, टूथपेस्ट यातलं काहीही लावू नका. गळ्यात घालायचं असेल तर भोक न पाडता तारेच्या कोंदणात बसवून घ्या.

मोडी_आणि_फारसी
थोडं अवांतर. याच विल्यमच्या आणि त्याची बायको राणी मेरीच्या नावाचा रुपया इंग्रजांच्या मुंबईच्या टांकसाळीत पडलाय, तोही फारसी अक्षरांत. औरंगजेब जिवंत असताना स्वतःच्या राजाचं नाव रुपयावर घालणं ही उघड आगळीक. मुघल इतिहासकार खाफीखानाने त्यावरून इंग्रजांवर चांगलंच तोंडसुख घेतलंय.

निवृत्त_कॅशिअर
अवांतर कसलं! सगळी चांदी पूर्वेकडेच तर चालली होती. न्यूटनने १७१७ च्या अहवालात लिहिलंय की चीनमध्ये एक भार सोन्याला नऊ-दहा भार चांदी पडते, भारतात बारा. इंग्लंडात पंधराच्या वर. मग व्यापारी चांदी जहाजात भरणार नाही तर काय करणार? म्हणजे १६९६ ला एवढा घाट घालून पाडलेली पक्की नाणीही वितळून गेलीच. लाउंड्सचं ऐकलं असतं तर थोडी तरी टिकली असती.

चेस्टरची_मुक्ता
बाप रे, हॅले! किल्ला घरापासून चालत जाण्यासारखा आहे. पक्कड गाडीच्या डिकीत गेली. एकच शंका, मघाशी तोलकाट्यावर ठेवलं तर २.७ ग्रॅम भरलं. मूळ वजन किती? नकली नाही ना?

निवृत्त_कॅशिअर
टांकसाळीतून निघताना ३.०१ ग्रॅम. अठराव्या शतकात इंग्लंडने चांदीची नाणी फारच कमी पाडली, त्यामुळे विल्यमची नाणी १८१७ पर्यंत हातोहात फिरत होती. काही इतकी घासली की राजा आहे की राणी, ओळखू येईना. तुमच्यावरचं ‘सी’ अजून वाचता येतंय, म्हणजे ते लवकरच वाकवलं गेलं आणि फिरायचं थांबलं. एवढी झीज चालायचीच. कडेवरचे तिरपे दात उजेडात धरून बघा आणि जमलं तर त्या अक्षराचा जवळून फोटो टाका.