रंगांधांचा चष्मा: रडण्याचे व्हिडिओ पाहून पैसे घालवू नका

तांबडफुटी:
परवा इथे एकाने लिहिलं, ‘रंगांधत्वावर चष्मा निघालाय, घातला की सगळे रंग दिसतात, भाच्याला वाढदिवसाला देतोय.’ सोबत चष्मा घालताच आनंदाने रडणाऱ्यांचे व्हिडिओ, खाली बदामांचा पाऊस. म्हणून सविस्तर लिहितोय.

लाल-हिरव्याचा घोळ असलेल्या बहुतेकांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या दोन प्रकारच्या पेशींचे (शंकूंचे) प्रतिसाद एकमेकांत फार मिसळलेले असतात. हा चष्मा मधल्या तरंगलांबीचा प्रकाश गाळतो, त्यामुळे काही छटांमधला फरक ठळक होतो. बस्स. ज्याच्या डोळ्यात त्यातला एक शंकूच नाही, त्याला चष्मा तो कुठून आणून देणार? स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठाने २०१८ मध्ये एनक्रोमा या कंपनीचे असे चष्मे तपासले, तेव्हा रंगदृष्टी सुधारत नाही असंच आढळलं. काही रंग वेगळे होतात, तसे आधी वेगळे दिसणारे काही एकसारखे होतात. हे व्हिडिओत कोणी सांगतं का?

मोरपिशी:
तुम्ही रंगांध आहात? नाही ना? मी आहे, सौम्य प्रकारातला. गुलमोहर फुललाय हे मला दर उन्हाळ्यात बायको सांगायची. चष्मा घातला आणि भर रस्त्यात गाडी बाजूला घेऊन बघत राहिलो. तुमचा ग्रानादा हे माझ्याकडून काढून घेणार आहे का? शिवाय कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातला २०२० चा अभ्यास वाचा. काही दिवस वापरल्यावर चष्मा काढूनही रंगांतला फरक जास्त जाणवला होता.

तांबडफुटी:
मूठभर लोकांवरचा प्रयोग, तोही तुमच्यासारख्या, दोन्ही शंकू असलेल्या. भाच्याचा प्रकार कोणता ते मामाला ठाऊक आहे का?

वायरमन सांगलीकर:
चष्म्याचं राहू द्या, नियमांचं बोला. धाकटा भाऊ माझ्या हाताखाली काम करायचा. लाल फेज आणि हिरवं अर्थिंग रंगावरून ओळखता यायचं नाही, म्हणून प्रत्येक तारेला टेस्टर लावायचा. एकदाही चुकला नाही. रेल्वेच्या लोको पायलटची (इंजिनचालकाची) परीक्षा पास झाला आणि मेडिकलला इशिहाराच्या चाचणीने, रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायच्या पुस्तकाने, घरी पाठवला. १९१७ सालच्या पुस्तकावर पोराचं आयुष्य ठरतं!

मोरपिशी:
अगदी. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेनेही चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमाला निवडलेल्या मुलाला याच कारणाने नाकारलं होतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथले सगळे अभ्यासक्रम रंगांधांना खुले करायला लावले. सौम्य-मध्यम दोषवाल्यांना ड्रायव्हिंग लायसन्सही २०२० पासून मिळतं.

निवृत्त गार्ड:
दोन्ही एकाच पारड्यात टाकू नका. संकलनात रंग चुकला तर शेजारी बसलेला सहायक सांगेल. रात्री पावसात हातदिवा दाखवतात तेव्हा चौकातल्या सिग्नलसारखी वर-खाली जागा नसते, फक्त रंग असतो. मागे हजारभर माणसं झोपलेली असतात. मी ती नोकरी केली आहे. त्या मेडिकलमध्ये कोणालाही सूट देऊ नये.

वायरमन सांगलीकर:
सूट मागतोय कोण? नीट वाचा तरी! माझा राग वेगळा आहे. हा दोष जन्मापासूनचा. शाळेत कोणी ठिपक्यांचं पुस्तक पुढे का धरलं नाही? आठवीत कळलं असतं तर त्याने तरुणपणाची वर्षं त्या परीक्षेत घातली नसती. आई अजून म्हणते, आमच्या लक्षात कसं आलं नाही. तुम्ही सगळे चष्म्यावर भांडताय.

निवृत्त गार्ड:
शाळेतल्या तपासणीचं म्हणत असाल तर मान्य. बाकी माझं मत तेच.

तांबडफुटी:
मलाही मान्य. मोरपिशी, तुमच्या गुलमोहराबद्दल माझी तक्रार नाही. सौम्य दोष असेल, आधी घालून बघता येत असेल आणि खिशाला परवडत असेल तर घ्यावा. पण तो घालून मेडिकलला जाता येत नाही, आणि प्रकाश कमी होतो म्हणून रात्री गाडी चालवताना घालू नये. भाच्याला आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

मोरपिशी:
हे पहिल्याच पोस्टीत लिहिलं असतं तर मी भांडलोच नसतो. आणि शीर्षक तेवढं बदला.