सेगास्कोप थ्रीडी चष्मा: दोन चित्रं दिसतात, खोली मात्र नाही

आठबिटी (प्रश्न)

सेगाच्या मास्टर सिस्टीम या जुन्या गेम कन्सोलचं पहिलं मॉडेल, पुढच्या कार्ड स्लॉटमध्ये अडॅप्टर आणि त्याला सेगास्कोप चष्मा (शटरवाला, म्हणजे काचा आळीपाळीने काळ्या होऊन एकेक डोळा झाकणारा). गेम 'स्पेस हॅरियर थ्रीडी', टीव्ही ३२ इंची एलईडी, जोडणी कॉम्पोझिटवरून (पिवळ्या पिनची साधी व्हिडिओ तार).

चष्मा न लावता दुहेरी चित्र थरथरतं, ते ठीक. पण लावल्यावरही तेच दिसतं. डावी काच फडफडते, उजवी ढिम्म. टीव्हीचा गेम मोड चालू करून काही फरक पडला नाही.

१) दोष चष्म्याचा की टीव्हीचा?
२) उजवी काच दुरुस्त होते का, की पीसीसाठी मिळायचा तो जुना तारेचा शटर चष्मा चालेल?
३) हाच सेट मास्टर सिस्टीम २ ला लागेल का?

स्कॅनलाइन

दोन्हींचा, आणि दोन्ही दोष वेगवेगळे आहेत. उजवी काच दुरुस्त केलीत तरी त्या टीव्हीवर थ्रीडी दिसणार नाही.

एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) मशीन सेकंदाला साधारण ६० फ्रेम काढतं: एक डाव्या डोळ्याची, पुढची उजव्याची. म्हणजे प्रत्येक डोळ्याला ३०. फ्रेम बदलते त्याच क्षणी गेम अडॅप्टरला सांगतो की आता दुसरी काच उघड. टीव्हीवर प्रत्यक्षात काय चाललंय, हे ना कन्सोलला कळतं ना चष्म्याला. चित्र पाठवताक्षणी दिसतं, असं गृहीत धरूनच सगळी रचना केली आहे.

साध्या सीआरटीवर (जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर) ते खरंही असतं. किरण ओळ उजळवून पुढे जातो आणि ओळ लगेच विझते. पुढची फ्रेम सुरू होईपर्यंत मागची जवळपास गेलेली असते. एलईडी टीव्हीवर तीन अडचणी येतात:

- कन्सोलचा सिग्नल प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, पूर्ण चित्र) असतो, पण बरेच टीव्ही त्याला इंटरलेस (दोन अर्धी चित्रं मिळून एक) समजून लागोपाठच्या दोन फ्रेम एकात विणतात. डावं-उजवं तिथेच मिसळलं की कुठलाही चष्मा ते वेगळं करू शकत नाही.
- प्रक्रियेला वेळ लागतो. उशीर बरोबर दोन फ्रेमचा असेल तर डोळे जुळतात, एका फ्रेमचा असेल तर उलटे होतात, दीड फ्रेमचा असेल तर खिचडी.
- पॅनेलवरची ओळ नवीन ओळ येईपर्यंत, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद, तशीच पेटलेली राहते. काच उघडते तेव्हा पडद्यावर अजून दुसऱ्या डोळ्याचंच चित्र असतं आणि ते वरून खाली हळूहळू बदलत जातं.

गेम मोड फक्त दुसऱ्या मुद्द्यावर थोडा उपाय करतो. फ्रेम साठवून न ठेवणारा लाइन डबलर (प्रत्येक ओळ दोनदा पाठवणारा डबा) कन्सोल आणि टीव्हीच्या मध्ये लावला तर पहिली अडचण सुटते, तिसरी कायम राहते. १०० हर्ट्झवाला सीआरटीही नको, कारण तो चित्र आधी साठवतो आणि मग दोनदा दाखवतो. हवा तो जुना, बिनडोक, ५०/६० हर्ट्झचा सीआरटी.

डागसोल्डर

टीव्हीचं स्कॅनलाइन यांनी सांगितलंच. आता उजव्या काचेकडे.

आधी अडॅप्टर तपासा. थ्रीडी गेम चालू ठेवून मल्टिमीटर एसी २० व्होल्टवर ठेवा आणि अडॅप्टरच्या जॅकमध्ये सामाईक संपर्क ते डावा, मग सामाईक ते उजवा असं मोजा. आकडा किती येतो याला महत्त्व नाही, साधी मीटरं इतक्या कमी फ्रिक्वेन्सीवर नेमकं मोजत नाहीत. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर अडॅप्टर ठीक. दोन्ही शून्य आले तर स्लॉटचे संपर्क ९९% आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापसाची काडी ओलसर हवी, ओलीचिंब नको.

मग चष्मा. शटर म्हणजे विजेच्या दृष्टीने कपॅसिटर, त्यामुळे ओहममध्ये 'तुटलेलं' दाखवणारच. ते पाहून काच फेकू नका. ९ व्होल्टची बॅटरी घ्या, एका टोकाला १ किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि चष्म्याच्या तारेच्या पिनचा मागचा लांब भाग (सामाईक) व टोक यांना क्षणभर टेकवा. एक काच काळी व्हायला हवी. मग मागचा भाग व मधलं कडं, म्हणजे दुसरी काच. बॅटरी काढल्यावरही काच काही सेकंद काळी राहते, कारण चार्ज आतच असतो. दोन्ही संपर्क एकमेकांना जोडले की लख्ख होते.

एक-दोन सेकंदांच्या वर बॅटरी लावू नका. लिक्विड क्रिस्टलला उलटसुलट होणारा व्होल्टेज लागतो, सततच्या डीसीने ते कायमचं खराब होतं.

काच काळी झाली नाही तर बॅटरी लावलेली असतानाच पिनजवळची तार हलकेच वाकवून पाहा. मध्येच काळी झाली तर तुटलेली जागा सापडली.

मार्कथ्री

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मास्टर सिस्टीम २ मध्ये कार्ड स्लॉटच काढून टाकला आहे, अडॅप्टर लावणार कुठे? उलट १९८७ च्या जपानी मास्टर सिस्टीमला चष्म्याचा जॅक मशीनवरच आहे, अडॅप्टरची गरजच नाही.

त्याच वर्षी आलेली फॅमिकॉमची (निन्टेंडोच्या जपानी कन्सोलची) थ्रीडी सिस्टीमही शटरवाली, पण ती फॅमिकॉमच्या पुढच्या एक्स्पान्शन पोर्टला लागते. अडॅप्टरवर दोन चष्म्यांची सोय आहे.

पीसीचा चष्मा: हेडफोनसारखी ३.५ मिमी स्टिरिओ पिन असलेला, आत काहीही सर्किट नसलेला असेल तर बहुधा चालतो. टीव्हीसोबत येणारे बिनतारी थ्रीडी चष्मे चालणार नाहीत, त्यांना इशारा पाठवणारा वेगळा एमिटर लागतो.

आठबिटी

अडॅप्टर दोन्ही बाजूंना सारखाच. बॅटरीवर डावी काच लगेच काळी, उजवी पिनजवळ तार वाकवली तरच. म्हणजे तार कापायची?

डागसोल्डर

हो. पिनपासून ३ सेंमीवर कापा आणि नवीन ३.५ मिमी स्टिरिओ पिन लावा. कोणती तार कुठे होती हे जुन्या पिनच्या तुकड्यावर मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीने (जोडणी असली की बीप) शोधून लिहून ठेवा, तारांच्या रंगांवर विसंबू नका. पिनचं कव्हर तारेत आधी ओवा (हे विसरून पुन्हा डाग सोडवणाऱ्यांची संख्या मोठी आहे). नवीन तारेसाठी हेडफोनची तार वापरणार असाल तर तिच्या धाग्यांवर लाखेचा थर असतो. तो खरवडा, नाहीतर डाग धरल्यासारखा दिसेल पण आत संपर्क नसेल.

बिघाड काचेच्या कडेपाशी निघाला तर मात्र तिथे सोल्डर टेकवू नका. काचेवरच्या पारदर्शक थराला सोल्डर चिकटत नाही, आणि उष्णतेने काचेचं सील जातं. तिथे वीजवाहक चांदीचा रंग वापरतात.

डावी-उजवी अदलाबदल झाली तर काही जळत नाही, फक्त खोली उलटी होते: लांबच्या वस्तू जवळ, जवळच्या लांब. डोळ्यांना नक्की काय खुपतंय ते पटकन कळत नाही, नुसतं डोकं जड होतं. तसं वाटलं तर पिनमधल्या टोकाच्या आणि कड्याच्या तारा बदला.

स्कॅनलाइन

सीआरटी मिळाल्यावर आणखी थोडं. चष्म्यातून एक चतुर्थांशाहूनही कमी प्रकाश येतो, म्हणून ब्राइटनेस वाढवायचा मोह होतो. पण जितकं भडक तितकी फॉस्फरची (पडद्यावरच्या उजळणाऱ्या थराची) विझताना मागे उरणारी शेपूट लांब, आणि काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांमागे दुसऱ्या डोळ्याचं भूत दिसायला लागतं. त्यापेक्षा कॉन्ट्रास्ट उतरवा आणि खोलीतले दिवे घालवा. जुन्या चोकची ट्यूबलाइट तर नकोच, तिची फडफड शटरच्या फडफडीत मिसळते.

पाल (युरोप-भारताची ५० हर्ट्झची पद्धत) मशीन असेल तर प्रत्येक डोळ्याला सेकंदाला २५ च फ्रेम मिळतात, लुकलुक फार जाणवते. १५-२० मिनिटांनी चष्मा उतरवा. फिट येण्याचा त्रास असलेल्या कुणालाही हा लावायला देऊ नका.

आणि सीआरटी मिळेपर्यंत गेम खेळायचेच असतील तर 'आउट रन थ्रीडी'त साध्या चित्राचा पर्याय आहे, तो त्याच एलईडीवर चालेल.