न निघणारे स्क्रू आणि रिमोटच्या गाड्या: तुमचं काय काय झालंय?

लालमाती_टिळकवाडी
पावसाच्या आधी माळा आवरा म्हणून आई दरवर्षी मागं लागते, तसा काल आवरला. पत्र्याच्या पेटीत माझी जुनी रिमोटची बग्गी सापडली, चाकात अजून व्हॅक्सिन डेपोच्या मैदानातली लाल माती. २०१४ ला गावाचं नाव बेळगावी झालं त्याच्या आधीची गोष्ट, पार्सलावर अजून बेळगाम लिहून यायचं. मोटर बदलूया म्हणून पिनियनचा, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या दातेरी चाकाचा, ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा) काढायला बसलो, ३ एमएमचा स्क्रू, त्याला १.५ ची एलन की, ती सहा कोपऱ्यांची, आणि की फिरली खरं स्क्रू नाही. हाताला ते कळतंय बघा, आधी घट्ट लागतं आणि मग एकदम हलकं. गोल झालं भोक.
तेव्हा पण हाच स्क्रू होता. मी शहाण्यानं लाल थ्रेडलॉकर, स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो गोंद, लावलेला, निळ्यापेक्षा लाल भारी असणार म्हणून. बाबा उद्यमबागच्या कारखान्यात टर्नर. मी पकड, हातोडी सगळं घेऊन झटालोय, ते जेवून हात पुसत आले, काही बोलले नाहीत, सोल्डरिंगची कांडी तापवून स्क्रूवर धरली, बराच वेळ. मग की घालून एकच झटका. कट्ट असा आवाज आला आणि निघाला. "निळा हातानं निघतोय, लालला अडीचशे डिग्री लागते, डबीवर लिवलंय, वाचत जा" एवढंच म्हणाले. आता बाबा नाहीत, आणि कांडी पण कुठं ठेवलीय ते सापडेना.
तुमचे पण सांगा असले किस्से.

उचगावचा_पिंट्या
पयला मी 😀 किस्सा नाही, गाडी पण नाही. वाचालोय.

फिटर_मामा
टर्नरचा पोरगा आणि की कसली वापरतोस बघ आधी. पाकिटात सात-आठ येतात त्या मऊ लोखंडाच्या, दहा स्क्रूत टोक गोल. फेकू नको, ग्राइंडरवर टोकाचं एक-दोन एमएम उडव, खाली कोरे कोपरे असतात. घासताना पाण्यात बुडवत रहा नायतर पोलाद नरम पडतंय. दुसरं, भोकातली माती सुईनं काढ, निम्मे स्क्रू त्या मातीपायीच मरतात, की आत पूर्ण बसतच नाही. एवढं करून पण फिरलं तर टॉर्क्स बिट, चांदणीसारख्या सहा टोकांचा, हातोडीनं ठोकून बसवायचा, २ एमएमच्या भोकाला टी-८, फारच गोल झालं असलं तर टी-१०. बिट गेला तर गेला. तुझ्या १.५ ला टी-६ बघ.

निपाणीची_सून
आमच्याकडं मुलाची जत्रेतली ४०० रुपयांची गाडी, तुमच्यासारखी भारी नाही, त्यामुळं हसू नका. बॅटरीच्या झाकणाचा एकच स्क्रू, फुलीवाला, सेल आत फुटून पाणी सुटलेलं आणि स्क्रू हिरवा पडलेला. मी व्हिडिओ बघून रबर बँड ठेवून फिरवलं, रबराचा भुगा झाला. मग इन्स्टंट गोंद लावून पेचकस चिकटवला, तो चिकटला खरा, पण गोंद ओघळून झाकण पण चिकटलं. सासूबाई म्हणाल्या आता पेचकसासकट खेळू दे त्याला. शेवटी दीर गॅरेजमधून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट घेऊन आले, पेचकसाच्या टोकाला बोटभर लावली आणि वरून दाबून फिरवलं. ती खरखरीत असते ना, टोक घसरत नाही. दोन मिनिटं नाही लागली. दुधावर लक्ष ठेवायला सांगितलेलं ते मात्र कुणी ठेवलं नाही.

उचगावचा_पिंट्या
वहिनी पेचकसासकट 😂😂 गाडीचा अँटेना झाला की

जपानी_किटवाला
फुलीवाले सगळे एकसारखे नसतात हे मला तीन स्क्रू मारल्यावर कळलं. जपानी किटात जेआयएस, म्हणजे जपानी स्टँडर्डचे येतात, आपला नेहमीचा फिलिप्स त्यात नीट बसत नाही, जोर लावला की वर उचलला जातो आणि फुली खरवडते. डोक्यावर बारीक ठिपका असतो बऱ्याचदा, तो दिसला की जेआयएसचाच पेचकस घ्या. माझा पेचकस तीनशेचा आणि पार्सलचा खर्च वेगळा, घरी किंमत सांगितलेली नाही.

खानापूरवाला
आमच्याकडचा पाऊस माहीतच आहे. जांबोटी रोडला साचलेल्या पाण्यातनं पळवली, मजा आली, आणि न पुसता तशीच पोत्यात टाकली ती दिवाळीलाच काढली. चाकाचे हब अॅल्युमिनियमचे, स्क्रू लोखंडाचे, दोन्ही एकमेकाला धरून बसलेले, मधे पांढरी पावडर. तेल सोडून रात्रभर ठेवलं, कायपण नाही. मग डोकंच ड्रिल करूया ठरलं. स्क्रूच्या जाडीएवढं, ३ चं ड्रिल, आधी पंचनं मधोमध खूण. डोकं सुटतं, पार्ट वर निघतो आणि उरलेला दांडा पकडीत येतो, ताण गेलेला असल्यामुळं बऱ्याचदा बोटानं पण फिरतो. हे पहिल्या तीन स्क्रूंचं झालं. चौथ्याला पंच मारायचा कंटाळा केला, ड्रिल घसरलं ते सरळ चॅसिसमधनं आरपार आणि खाली आईचा पाट. पाटाला भोक अजून आहे, चैत्रात हळदीकुंकवाला निघतो तेव्हा सगळ्या पाहुण्यांना गोष्ट सांगते ती.

शहापूर_गल्ली
खानापूरवाला, पोत्यात?? पोतं ओल धरतंय की रे.

खानापूरवाला
व्हय, आता कळलं. तेव्हा अकरावीत होतो.

चिकोडीकर
गरम करायच्यावरनं आठवलं. आमच्या इथल्या वर्कशॉपात एक वयस्क मिस्त्री होते, मराठी समजायचं त्यांना खरं बोलायचे कन्नडच. मी गाडी घेऊन गेलो की लांबूनच "बिसि माड्री, बिसि", आधी तापवा म्हणून. आणि मी घाईनं की फिरवायला लागलो की "निधान, निधान". आधी थोडं आवळायचे आणि मग सोडवायचे, असं पुढं-मागं, आवळताना गंज तुटतो म्हणायचे. पैसे कधी घेतले नाहीत, चहा घ्यायचे. गंजलेला स्क्रू बघितला की अजून पण तोंडातनं बिसि माड्री निघतंय, बायको पुण्याची, तिला वाटतं शिवी देतोय.
आणि एक, तापवायच्या आधी बॅटरी बाहेर काढा. लिपो (लिथियम पॉलिमर) असली तर गाडीपासून लांबच ठेवा, तिच्याशी चेष्टा नको.

जपानी_किटवाला
+१. आणि गोंद काढायला अॅसिटोन घेऊ नका कुणी, एबीएस प्लास्टिक विरघळतं. बॉडीचा बंपर गेलाय माझा.

निपाणीची_सून
अय्यो, मी नेलपॉलिश रिमूव्हरच घेणार होते झाकणाला!

फिटर_मामा
काढायचं सगळे सांगालेत, बसवायचं कुणी सांगेना. प्लास्टिकमध्ये स्क्रू परत घालताना आधी उलटा फिरवा, टक् करून जुन्या आट्यात पडतो, मग आवळा. सरळ दाबून फिरवलं की नवीन आटे पडतात आणि दोन-तीन वेळेला भोकच मोठं होतंय, मग काडेपेटीची काडी घालून बसा. थ्रेडलॉकर फक्त धातू धातूत, तो पण निळा, एक थेंब. प्लास्टिकला लावू नका, चिरा जातात.

शहापूर_गल्ली
मामा तुम्ही उद्यमबागचेच काय? माझे काका फाउंड्रीत होते तिथं.

फिटर_मामा
होय, ३१ वर्षं. आता रिटायर. नातवाची गाडी दुरुस्त करतोय, तो खेळत नाही, मीच खेळतोय.

उचगावचा_पिंट्या
मामा रविवारी मैदानात आणा की, आम्ही बघायला येतो. भजी माझ्याकडनं.

लालमाती_टिळकवाडी
अपडेट. टी-६ कुठं मिळाला नाही. शेजाऱ्यांच्याकडनं सोल्डरिंगची कांडी आणली, मामांनी सांगितलं तसं कीचं टोक घासून घेतलं, स्क्रूवर कांडी धरून मनात साठपर्यंत मोजले. की घातली, आधी किंचित आवळलं, मग उलटं. कट्ट झालं. आई आतनं म्हणाली, निघाला काय रे? तिला पण आवाज माहितीय.
खरं आता पिनियनच शाफ्टवरनं हलेना.

फिटर_मामा
ठोकू नको! बेअरिंग मरतंय. पुलर आहे माझ्याकडं छोटा, ओढून काढायचा, रविवारी घेऊन येतो.

उचगावचा_पिंट्या
म्हणजे भजी फिक्स. कांदा का मिरची?