मालकापेक्षा मोतद्दार जवळचा

‘अरबी घोडा जन्मभर एकच मालक मानतो, ते त्याच्या रक्तातच असतं,’ असं अरबी घोड्यांवरच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. निम्मं पटलं. रक्तापेक्षा संगतीचा वाटा मोठा. अरबी वाळवंटातले भटके बेदुईन लाडक्या घोड्या राहत्या तंबूत घ्यायचे, खजूर आणि उंटिणीचं दूध द्यायचे, घोड्यांचा वंशही आईकडून मोजायचे. छाप्याला घोड्यापेक्षा घोडी पसंत, कारण शत्रूच्या तळाजवळ ती सहसा खिंकाळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या पोराबाळांत वाढलेलं जनावर माणसाला लळा लावणारच की!

पण इतक्या चर्चेत मोतद्दाराचं, म्हणजे घोड्याची रोजची देखभाल करणाऱ्या माणसाचं, नाव कुणीच घेतलं नाही, याचं नवल वाटलं. चिकोडीकडं आमच्या एका पाहुण्यांची अरबी रक्ताची घोडी आहे. मालक रविवारी येणार, गूळ देणार, फोटो काढणार. ती गूळ खाते आणि तोंड फिरवते. मोतद्दाराची सायकल गल्लीत वळली की मात्र कान ताठ, पुढच्या खुरानं जमीन उकरणं सुरू. कारण पहाटेचा खरारा त्याचा. आयाळ संपते तिथं, खांद्यांच्या मधोमध तो घासायला लागला की तिचा खालचा ओठ लोंबतो. घोडे एकमेकांना तिथंच खाजवतात, आणि त्यानं हृदयाचे ठोके मंदावतात हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखवलंय. चिकोडी तालुक्यातल्या आपल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे, माउलींच्या पालखीचे मानाचे अश्व वारीसाठी पायी आळंदीला जातात. ते अरबी की कुठले, हा वाद इथं नको. पण त्या वाटेवर त्यांच्या अंगाला अंग लावून कोण चालतं, ते एकदा बघून या.